आधी पाणी, मग मासे, दिवे सगळ्यांत शेवटी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : चाळिशीतले हे वाचक डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतात. घरात पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. गोड्या पाण्यातले मासे त्यांनी कॉलेजपासून पाळले आहेत. आता मोठी समुद्री टाकी करायची म्हणून त्यांनी साडेतीन लाख रुपये बाजूला काढलेत. दुकानदाराने 4×2×2 फुटी टाकीचं सगळं मिळून 3 लाख 20 हजारांचं कोटेशन दिलंय : काच, कॅबिनेट आणि संप (टाकीखालची, पाणी गाळणारी दुसरी टाकी) 85 हजार, एलईडी दिवे 90 हजार, मासे आणि प्रवाळ 45 हजार, पाणी थंड करणारा 1/10 हॉर्सपॉवरचा चिलर 38 हजार, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) 22 हजार, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड) 20 हजार, पंप आणि टाकीतलं पाणी हलतं ठेवणारे वेव्हमेकर 13 हजार, मिठाची 20 किलोची बॅग 7 हजार. दुसरीकडे ओळखीतला एक वापरलेला सहा फुटी सेट 1 लाख 40 हजारांना मिळतोय. घरचा वीजवापर महिन्याला 250 युनिटच्या आसपास आहे आणि दुरुस्तीच्या नावाखाली मधूनच चार-पाच तास वीज जाते. वाचक महिन्यातले आठ-दहा दिवस कामानिमित्त बाहेरगावी असतात. मुलाचा वाढदिवस सहा आठवड्यांवर आलाय, तोवर टाकीत मासे हवेत. पत्नी म्हणते, एवढी हौस आहे तर गोड्या पाण्याचीच मोठी टाकी घ्या. त्यांचा प्रश्न : नवीन पॅकेज घेऊ, की सेकंड हँड सेट घेऊन वाचलेल्या पैशांत भारीतले दिवे घेऊ?

नमस्कार,

कोटेशनमधला एकेक आकडा तुम्ही लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. त्यामुळे मोघम बोलायची गरज उरली नाही. नवीन की जुनं, याकडे मी येणारच आहे. पण त्या यादीत जे लिहिलेलं नाही, त्याबद्दल आधी बोलू या.

यादीत पाणी नाही. समुद्री टाकीत नळाचं पाणी चालत नाही आणि स्वयंपाकघरातल्या आरओचंही चालत नाही. घरच्या बऱ्याच आरओंमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) त्यात 40, 60, कधी त्याहून जास्त दाखवतो. आपल्याला हवं शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, टप्पा असलेलं वेगळं युनिट लागतं. तुमच्या टाकीत साधारण 450 लिटर पाणी मावेल. संपमधलं धरून आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा करून 500 लिटर समजा. एवढं शुद्ध पाणी काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जातं. सोसायटी टँकरवर असेल तर पहिली भरणी आठवडाभरात थोडी थोडी करा आणि ते वाया जाणारं पाणी फरशी, गाडी, संडासासाठी वापरा.

आता मीठ. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारी 35, म्हणजे लिटरमागे किमान 35 ग्रॅम. बाजारातलं समुद्री मीठ थोडा ओलावा धरून असतं, त्यामुळे प्रत्यक्षात जरा जास्तच लागतं. 500 लिटरला 18 किलो. म्हणजे कोटेशनमधली ती एकुलती एक बॅग पहिल्याच भरणीत संपणार. पुढे दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदललंत तर वर्षाला आणखी पाच बॅगा, तुमच्याच दुकानदाराच्या भावाने 35 हजार रुपये. हा आकडा खरेदीआधीच माहीत असायला हवा. (काही वाचक नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगते : खाण्याचं मीठ हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारधर्म टिकवणारे घटक नसतात. आणि मुंबईच्या चौपाटीवरून कॅनमध्ये भरून आणलेल्या पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात तर त्याची क्षारताही उतरलेली असते. दोन्ही नकोत.)

यादीत क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नाही, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटची टेस्ट किटं नाहीत, वीज गेल्यावर चालणारं काही नाही, आणि उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारा ऑटो टॉप-अपही नाही. तुम्ही महिन्यातले आठ-दहा दिवस घरी नसता, म्हणून या शेवटच्या वस्तूबद्दल जरा सविस्तर सांगते.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एवढ्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला पाचेक लिटर सहज उडतं. दहा दिवसांत 50 लिटर गेले की 35 ची क्षारता 39 च्या घरात जाते. पण तोवर थांबायची वेळच येत नाही. संप असलेल्या टाकीत वरची पातळी हलत नाही, कमी झालेलं सगळं पाणी संपच्या शेवटच्या कप्प्यातून जातं, जिथे पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप बसवलेला असतो. त्या कप्प्यात 20 लिटर असेल तर चौथ्या दिवशी पंप हवा ओढायला लागतो, मग कोरडा चालतो आणि जळतो. म्हणजे तुम्ही इंदूर किंवा हैदराबादला असताना रोज सकाळी कोणीतरी बादली-मग घेऊन बसायला हवं, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येणार हे तुम्हालाही माहीत आहे. त्यामुळे पत्नीच्या म्हणण्याला विरोध समजू नका. ज्या व्यक्तीला महिन्याचा एक तृतीयांश काळ ही टाकी सांभाळायची आहे, ती हे बोलतेय. त्यांच्याशी बसून कामांची यादी करा : रोज खाद्य, तापमान बघणं, आठवड्यातून दोनदा स्किमरचा कप धुणं (त्यातला तपकिरी, उग्र वासाचा चिखल बेसिनमध्ये ओतायला सगळ्यांना जमत नाही, तेही आधीच सांगा), काचेच्या कडेवर साठलेलं पांढरं मीठ ओल्या फडक्याने पुसणं. यातलं त्यांना काय जमेल, काय अजिबात नको, हे त्यांच्याच तोंडून ऐका. त्या ठाम नाही म्हणाल्या, तर गोड्या पाण्याची चार फुटी टाकी ही माघार नाही. पाणवनस्पतींनी भरलेली तेवढी मोठी टाकी तुमच्या अनुभवाच्या माणसाला पुरून उरेल इतका आनंद देईल. मी हे मनापासून सांगतेय.

त्या हो म्हणाल्या असं धरून पुढे जाऊ.

‘पहिलीच समुद्री टाकी, मग छोटी घ्यावी’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते कानाआड करा. पाणी जितकं जास्त, तितके तापमानाचे आणि क्षारतेचे चढउतार सावकाश होतात आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. चार फुटी हा आकार मला योग्य वाटतो. सहा फुटी मात्र नको. 6×2×2 म्हणजे 680 लिटर. मीठ, पाणी, चिलरची ताकद, वीज, सगळं दीडपट. वरवर वाचलेले पैसे दोन-तीन वर्षांत तिथेच जिरतात. शिवाय सहा फुटी काच बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, ती चार मजले जिन्याने चढवायची. जुन्या टाकीचं आणखी एक असतं. पूर्वीच्या मालकाने त्यात माशांच्या आजारासाठी तांब्याचं औषध टाकलं असेल, तर ते दगड-वाळूत मुरून राहतं. पुढे तुम्ही कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ ठेवायला गेलात तर त्यांना ते मारक ठरतं. मात्र त्या ओळखीच्या गृहस्थांना सुटं विकायचं असेल तर स्किमर, दिवे, वेव्हमेकर बघून, चालवून जरूर घ्या. चिलर घ्यायचा असेल तर बादलीभर पाण्यावर अर्धा तास चालवून थर्मामीटरने उतार मोजा.

चिलरबद्दल तुमच्या दुकानदाराशी थोडं स्पष्ट बोलावं लागेल. समुद्री टाकीला 25 ते 27 अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत 32-33 असतं, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता मिळते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांची गरज मात्र वाढलेली असते. 1/10 हॉर्सपॉवरचा चिलर 500 लिटर पाणी सहा-सात अंशांनी खाली आणू शकणार नाही. तो दिवसरात्र धापा टाकेल, बिल वाढवेल आणि पाणी 30 वरच राहील. पाव हॉर्सपॉवरच्या खाली जाऊ नका. आणि तो कॅबिनेटच्या आत बंद करू नका, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. नागपूर, संभाजीनगर, सोलापूरकडच्या वाचकांना उन्हाळ्यात पाण्यावर झोत टाकणाऱ्या पंख्यांनी दोन-तीन अंश उतार मिळतो, कारण तिथली हवा कोरडी. कोकणपट्टीच्या दमट हवेत पंख्यांचा तेवढा उपयोग होत नाही. एसी चोवीस तास चालणारी खोली असेल तर गोष्ट वेगळी.

मग पैसे आणायचे कुठून? दिव्यांतून. 90 हजारांचे दिवे हे प्रवाळांसाठी असतात. प्रवाळांच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला प्रखर, विशिष्ट प्रकाश लागतो, माशांना नाही. पहिलं वर्ष फक्त मासे आणि दगड ठेवलेत तर 15 हजारांच्या साध्या एलईडीत टाकी देखणी दिसते. पुढे हवेच असतील तर दिवे बदलणं हे सगळ्यांत सोपं काम आहे. टाकी रिकामी करावी लागत नाही, तास-दीड तासात होतं. चिलर किंवा संप चुकला तर तसं होत नाही.

आणि प्रवाळांबाबत कायदा नीट समजून घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. वाघाला जे संरक्षण आहे, तेच यांना. आपल्या किनाऱ्यांवरून, लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातून काढलेला प्रवाळ घरात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘लाइव्ह रॉक’ नावाने मिळणारा दगड पुष्कळदा मेलेल्या प्रवाळाचाच तुकडा असतो. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर आयातीचे कागद मागा. आढेवेढे घेतले तर विषय तिथेच संपवा. त्याऐवजी कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक किंवा कोरडा कृत्रिम दगड घ्या. जिवाणू त्यावरही वस्ती करतात, फक्त थोडे दिवस जास्त लागतात. तुमच्या 45 हजारांच्या ‘मासे आणि प्रवाळ’ या ओळीतून प्रवाळ काढून टाका.

आता मी पैसे असे मांडेन. टाकी, कॅबिनेट, संप 85 हजार तसेच. चिलरला 60. स्किमर 22, दगड 20, पंप-वेव्हमेकर 13, पहिली मिठाची बॅग 7, यांना हात लावत नाही. दिवे 15. आरओ-डीआयला 15 बाजूला ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर, किटं, टॉप-अप, वीज गेल्यावरची सोय आणि सुरक्षित वायरिंग मिळून 25. नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या छोट्या क्वारंटाइन टाकीला 6. बेरीज 2 लाख 68 हजार. उरलेल्या 82 हजारांना खरेदीत हात लावायचा नाही, ते पहिल्या वर्षाचे : मीठ 35, वीज 24, आणि मासे, खाद्य, रेझिन, किटं यांना 23. हे आकडे तुमच्या कोटेशनवर आणि माझ्या अंदाजावर उभे आहेत, भाव चौकशी करून पुढेमागे करा. पण पावहिस्सा रक्कम चालवण्यासाठी राखायची, हे मात्र सोडू नका.

विजेचा अंदाज कसा काढला तेही सांगते, म्हणजे इतरांना आपापला काढता येईल. रिटर्न पंप 40 वॅट, दोन वेव्हमेकर मिळून 30, स्किमर 25. तिन्ही चोवीस तास, म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिट. साधे दिवे आठ-नऊ तास, साधारण अर्धा युनिट. 300 वॅटचा चिलर उन्हाळ्यात बारा-चौदा तास चालला तर चार युनिट, थंडीत जवळजवळ शून्य. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 160 युनिटच्या आसपास. तुमचा वापर आधीच 250, म्हणजे तुम्ही 300 च्या पुढच्या स्लॅबमध्ये जाणार आणि टाकीची बरीचशी युनिट त्या वरच्या दराने मोजली जाणार. मी सरासरी 12 रुपये धरले. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, ते घालून बघा.

वीज जाण्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण समुद्री टाकीचा तो कळीचा मुद्दा आहे. पंप थांबले की पृष्ठभाग हलायचा थांबतो आणि प्राणवायू मिसळणं बंद होतं. मासे कमी असतील तर चार-पाच तास निभावतात, दाटी असेल तर नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर चिलर, दिवे सोडून फक्त एक वेव्हमेकर त्यावर घ्या. नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप तरी बसवा. सगळी जोडणी आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या, नीट अर्थिंग केलेल्या वेगळ्या सर्किटवर हवी. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे आणि घरात नऊ वर्षांचं मूल आहे. बोर्ड टाकीच्या खाली नको, आणि प्रत्येक वायर प्लगपेक्षा खाली झोळ खाऊन मग वर जाऊ दे, म्हणजे ओघळणारा थेंब खाली पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

टाकी आली की मीठ घालायच्या आधी एक चाचणी दुकानदारासमोर करून घ्या. साध्या पाण्याने सगळं भरा, पंप चालू करा, पातळी स्थिर होऊ द्या आणि मेन स्विच पाडा. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून ते खाली संपमध्ये जातं त्या जागेच्या) दातांपर्यंत आणि रिटर्न पाइपच्या तोंडापर्यंत संपमध्ये उतरेल. चार बाय दोनच्या टाकीत पातळी एक इंच उतरली म्हणजे 19 लिटर. रिटर्नचं तोंड दोन इंच बुडालेलं असेल तर 38. एवढी मोकळी जागा संपमध्ये आहे का, बघा. नसेल तर तुम्ही बाहेरगावी असताना वीज जाईल आणि खारं पाणी तिसऱ्या मजल्याच्या छतातून खाली ठिबकेल. पाणी जिथे थांबतं तिथे संपवर मार्करने रेघ मारा आणि रोजची पातळी त्याच्या किती खाली ठेवायची तेही लिहून ठेवा. ही चाचणी तीन-चार वेळा करा, घाई नको.

छताचा विषय निघालाच आहे तर वजन. पाणी, काच, दगड, कॅबिनेट मिळून सातशे किलोच्या आसपास जातं, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरांच्या स्लॅबसाठी आय. एस. 875 या भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण टाकी बीमच्या वर किंवा त्याला लागून असलेल्या भिंतीशी ठेवायची, खोलीच्या मध्यावर किंवा पुढे काढलेल्या गॅलरीत अजिबात नाही. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवा. तो खर्च माझ्या हिशेबात नाही, पण टाळू नका.

राहिला वाढदिवस. सहा आठवड्यांत मासे दिसतील का? खात्रीने सांगता येत नाही, आणि मुलालाही तसा शब्द देऊ नका. नव्या टाकीत आधी माशांच्या मलमूत्रातून होणारा विषारी अमोनिया नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू वसायला हवेत. साधारण चार ते सहा आठवडे, कोरड्या दगडावर कधी जास्त. गोड्या पाण्यात तुम्ही हे केलंच आहे. समुद्री मासे मात्र याबाबतीत फार कमी चूक खपवून घेतात. तुम्हाला टाकी जमवायलाच दोन आठवडे जातील. पण नऊ वर्षांच्या मुलाला या कामात खूप काही करता येतं. जिवाणूंना खाद्य म्हणून मोजलेला अमोनियम क्लोराइड पाण्यात घालायचा, एक दिवसाआड टेस्ट किटमध्ये थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा, वहीत आकडा लिहायचा. हिरवा रंग पिवळा होत जातो ते बघणं मुलांना आवडतं. वाढदिवसाला ही वही, रिफ्रॅक्टोमीटर आणि ‘पहिले मासे तू निवडायचे’ हा हक्क त्याला द्या.

निवडताना त्याला पर्याय तुम्हीच गाळून द्या. सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीने, तीही पैदाशीतली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा हे मासे तयार खाद्य लवकर खातात आणि प्रवाळखडकांवरचा ताणही वाढत नाही. मग महिनाभराने एखादा गोबी, पुढे रॉयल ग्रामा. वर्षभरात सहा-सात मासे पुरे. निळा टँग त्याला नक्की हवासा वाटेल, पण तो जवळपास फूटभर वाढतो आणि सतत पोहणारा असतो. चार फुटी टाकी त्याला अपुरी. मँडरिन आणि क्लीनर रॅस नव्या टाकीत उपाशी मरतात, ते घेऊ नका. रविवारी कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर रिकाम्या हाताने परत यायची तयारी ठेवून जा आणि मासा घेण्याआधी विक्रेत्याला तो खाताना दाखवायला सांगा. घरी आणलेला प्रत्येक मासा चार आठवडे क्वारंटाइनमध्ये. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर तिथेच द्यायचं, मोठ्या टाकीत कधीही नाही.

या आठवड्यात तीन कामं करा : पत्नीशी ती यादी घेऊन बोला, इंजिनिअरला जागा दाखवा आणि दुकानदाराकडून सुधारित कोटेशन घ्या. त्यात चिलरची ताकद, काचेची जाडी, संपचं माप आणि टाकी गळली तर किती महिन्यांत तो स्वखर्चाने दुरुस्त करून देणार, हे लेखी मागा. ॲडव्हान्स त्यानंतर.